बाबांची 'मोका' टेस्ट, २८ पानी रिपोर्ट आणि सोसायटीची निवडणूक (सिनियर चेकअप पॅकेजचा रिव्ह्यू)

आधीच सांगते, लांब लिहिलंय. ज्यांना फक्त होम कलेक्शन कसं आहे एवढंच बघायचंय त्यांच्यासाठी हे घ्या: साडेसातची वेळ दिली होती, माणूस आला पावणेनऊला. बाबा रात्री नऊपासून उपाशी, चहा नाही, पेपर दोनदा वाचून झालेला, कोडं सोडवून झालेलं, म्हणजे घरात काय वातावरण होतं ते समजून घ्या. सुई मात्र एका झटक्यात, हात काळानिळा वगैरे काही नाही. पोरगा चांगला होता, बिचारा वारज्याहून ट्रॅफिकमधून आलेला, त्याला नंतर चहा बाबांनीच करून दिला.

लॅब कोथरूडमधली, नाव टाकत नाही कारण शेवटी त्यांनी थोडे पैसे परत केले आणि माझं भांडण मिटलंय. पॅकेज ४,९९९ चं, 'साठीपुढचे फुल बॉडी', आणि त्यावर 'मेमरी स्क्रीनिंग' म्हणून १,२०० चं अ‍ॅड-ऑन. रक्ताचं आणि सोनोग्राफीचं घरीदारी चार स्टार, अ‍ॅड-ऑनला एक, सगळं मिळून तीन.

आता चेकअप का केलं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या सोसायटीची निवडणूक लागलीय आणि बाबा, वय ७८, चेअरमनपदाला उभे आहेत. गेली नऊ वर्षं तेच आहेत खरं तर, पण यावेळी बी विंगमधले एक जण उभे राहिलेत, वय ५२, आयटीवाले, आणि त्यांनी ग्रुपवर टाकलं की 'आता सोसायटीला ऊर्जावान नेतृत्वाची गरज आहे' आणि खाली तीन हात जोडलेले. नाव कुणाचं नाही. पण बाबांना काय कळायचं ते कळलं.

बाबांना अमेरिकेच्या राजकारणाचं भयंकर वेड. बँकेत होते तेव्हापासून. दादा न्यू जर्सीला गेल्यावर तर विचारू नका. त्यांनी लगेच ग्रुपवर उत्तर टाकलं की १९८४ च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष रेगन ७३ वर्षांचे होते आणि डिबेटमध्ये वयाचा प्रश्न आल्यावर ते म्हणाले होते की मी वयाचा मुद्दा करणार नाही, समोरच्याचं तारुण्य आणि अननुभव याचा राजकीय फायदा मी उठवणार नाही, आणि समोरचा मॉन्डेल ५६ वर्षांचा, तो पण हसला. ग्रुपवर कोणी हसलं नाही. ए विंगच्या काकूंनी विचारलं मॉन्डेल कुठल्या फ्लॅटमधले.

तर दादाचा फोन आला. तो म्हणाला बाबा उभे राहा, पण आधी सगळ्या टेस्ट करून घ्या, इथे आम्ही बायडनचं बघितलंय. २७ जून २०२४ ची ती अटलांटाची डिबेट त्याने लाइव्ह बघितलेली, आणि बाबांनी इकडे सकाळी साडेसहाला उठून. ८१ वर्षांचा माणूस वाक्य अर्धवट सोडून शून्यात बघतोय आणि २१ जुलैला निवडणुकीतून माघार. दादाचं म्हणणं घरच्यांना आधी दिसत नव्हतं का? बाबांचं म्हणणं तो त्या दिवशी आजारी होता. हे दोघं यावर दीड वर्ष भांडतायत.

शेवटी बाबा म्हणाले ट्रम्पने केली तीच टेस्ट असेल तर करतो, नाहीतर नाही. त्यांना वाटलं असली टेस्ट कोथरूडात कुठे मिळणार. मिळाली. अ‍ॅड-ऑनमध्ये तीच निघाली. मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट, शॉर्टमध्ये मोका. आई भाजी निवडत होती, तिने फोनवर एवढंच ऐकलं की 'बाबांना मोका लावायचाय' आणि म्हणाली, अगं बाई, मोक्का कशाला, त्यांनी काय केलंय?

टेस्ट काय असते ते सांगते, कारण वेबसाइटवर त्यांनी मेंदूचं निळं चित्र टाकून 'अ‍ॅडव्हान्स्ड' वगैरे लिहिलंय आणि प्रत्यक्षात तो एक कागद असतो. दहा मिनिटांचा. तीसपैकी मार्क, २६ आणि वर म्हणजे नॉर्मल, शिक्षण बारावीपर्यंतच असेल तर एक मार्क ग्रेसचा. आकडे आणि अक्षरं आलटून पालटून रेघेने जोडायची, घन काढायचा, घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची, प्राण्यांची नावं ओळखायची, पाच शब्द ऐकून पाच मिनिटांनी परत सांगायचे, शंभरातून सात सात वजा करत जायचं, एका अक्षरावरून मिनिटात जमतील तेवढे शब्द, आजची तारीख वार ठिकाण. मॉन्ट्रियलच्या डॉ. झियाद नासरेद्दीन यांनी बनवलीय, विसरभोळेपणा वयाचाच आहे की पुढच्या आजाराची सुरुवात आहे हे लवकर हेरायला. हुशारी मोजायला नाही. म्हणजे तीसपैकी तीस पडले म्हणून कोणी चाणक्य ठरत नाही. हे ट्रम्पना कोणी सांगितलं नसावं, कारण जानेवारी २०१८ मध्ये त्यांच्या डॉक्टरांनी, रॉनी जॅक्सन यांनी, ३० पैकी ३० जाहीर केले तेव्हापासून ते एखाद्या यूपीएससीचा निकाल सांगावा तसा सांगतायत. २०२० मध्ये टीव्हीवर तर पर्सन, वूमन, मॅन, कॅमेरा, टीव्ही असे पाच शब्द ओळीने म्हणूनच दाखवले. एप्रिल २०२५ ला परत ३०. बायडनचं बरोबर उलटं, फेब्रुवारी २०२४ च्या चेकअपमध्ये ही टेस्ट केलीच नाही, गरज नाही म्हणाले, आणि डिबेटनंतर मुलाखतीत विचारलं तर म्हणे माझी रोजच कॉग्निटिव्ह टेस्ट असते. एक जण मार्कशीट फ्रेम करून लावणार आणि दुसरा पेपरलाच बसणार नाही.

आता तक्रार. ही टेस्ट घ्यायला शांत खोली पाहिजे आणि घेणाऱ्याला ट्रेनिंग पाहिजे, मोकासाठी तर आता रीतसर ट्रेनिंग करून सर्टिफिकेट घ्यावं लागतं. आम्हाला बसवलं सोनोग्राफीच्या वेटिंगला लागून असलेल्या केबिनमध्ये, प्लायवूडचं पार्टिशन, वरून उघडं. बाहेर सारखं 'टोकन नंबर एकेचाळीस, ब्लॅडर फुल झालंय का'. टेक्निशियन मुलीने मास्क लावलेला आणि ती पाच शब्द असे भराभर म्हणाली की मला शेजारी बसून तीनच कळले. आणि बाबांचं कानाचं मशीन घरी. चार्जिंगला. ही चूक आमची, मान्य, पण तुम्ही ज्येष्ठांची टेस्ट घेताय तर पहिला प्रश्न 'काका ऐकू येतंय का' हा नको?

वजाबाकीला बाबा एकदम फॉर्मात. ३४ वर्षं कॅशियर होते. ९३, ८६, ७९, ७२, ६५, ती म्हणाली बास काका, पण काका कुठले थांबतायत, ५८, ५१ करत दोनपर्यंत गेले आणि वर म्हणाले दोन शिल्लक, टॅली होत नाही. शब्दांना 'प' आला. पाणी, पाट, परात, पोळी, पळी, सगळं स्वयंपाकघर झाल्यावर पवार, पाटील, परांजपे सुरू केलं, आणि विशेषनामं चालत नाहीत म्हटल्यावर वाद घातला की पाटील हा हुद्दा आहे. घड्याळ सुंदर काढलं, अगदी रोमन आकड्यांत. घनाची एक रेघ राहिली. तारीख एका दिवसाने चुकली, आणि खरं सांगते त्या क्षणी मला पण तारीख नक्की आठवत नव्हती, मी गुपचूप मोबाईल बघितला. आणि ते पाच शब्द. दोन आले. तीन गेले. बाबा तेवढ्या वेळ छताकडे बघत होते आणि ओठ हलवत होते, बाहेर टोकन नंबर चव्वेचाळीस, आणि मी त्यांचा शर्टाचं बटण फिरवणारा हात बघत होते. मला वाटलं होतं गंमत येईल. नाही आली.

२४.

रिपोर्ट तिसऱ्या दिवशी, पीडीएफ, २८ पानं. त्यातली नऊ पानं जाहिरात, एका पानावर धावणारं म्हातारं गोरं जोडपं. जॉन मॅककेन २००८ ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते, ७१ वर्षांचे, तेव्हा त्यांनी पत्रकारांना आपल्या तब्येतीची १,१७३ पानं तीन तासांसाठी बघायला दिली होती, नेऊ नाही द्यायची, फक्त बघा. आम्हाला २८ पानांत तीन तास लागले, कारण काय महत्त्वाचं आणि काय नाही हे सांगायला कोणी नाही, नुसतं लाल अक्षर. व्हिटॅमिन डी लाल. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, काठावर म्हणून केशरी. आणि पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्ताची टेस्ट, ५.८, लाल, ठळक, शेजारी बाण.

यावर दादाचा रात्री दीड वाजता फोन. कारण तिकडे मे २०२५ मध्ये बायडनचा प्रोस्टेट कॅन्सर जाहीर झाला तेव्हा तो हाडात गेलेला होता, आणि शेवटची पीएसए कधी तर २०१४ ला. दादा म्हणाला जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाची दहा वर्षं साधी रक्ताची टेस्ट नाही, आणि आपण हातात आलेली सोडायची? सकाळी फॅमिली डॉक्टरांकडे धावलो. ते वैतागले, आमच्यावर नाही, पॅकेजवर. म्हणाले सत्तरीनंतर कुठलाही त्रास नसताना पीएसए सरसकट करू नका असं अमेरिकेच्याच गाइडलाइन सांगतात, म्हणूनच कदाचित बायडनची नसेल केली, कारण आकडा वाढायला प्रोस्टेट नुसती मोठी झालेली पुरते, इन्फेक्शन पुरतं, आणि मग बायोप्सीपर्यंत फरफट. बाबांची प्रोस्टेट मोठी आहे हे सहा वर्षांपासून माहितीय, गोळी चालू आहे. युरिन तपासा, सहा आठवड्यांनी परत बघू, एवढंच म्हणाले. हे लॅबने एका ओळीत लिहिलं असतं तर आईची दोन रात्रींची झोप वाचली असती. टेस्ट करायची की नाही हे आधी विचारायला पाहिजे हो, पॅकेजमध्ये फ्री आली म्हणून घ्यायला ती काय चटणी आहे?

पॅकेजमध्ये 'फ्री डॉक्टर कन्सल्टेशन' पण आहे. सहा मिनिटांचा फोन. डॉक्टर म्हणाल्या 'अंकल इज फिट' आणि त्यातली साडेतीन मिनिटं ओमेगा थ्री. मग दुसऱ्या एका मुलीचा फोन, ती हेल्थ कौन्सिलर, तिच्याकडे मेमरीच्या गोळ्या, तीन महिन्यांचा कोर्स. घेऊ नका.

आणि आता ऐका. फिटनेस सर्टिफिकेट पाहिजे का, त्यात काय लिहायचं ते सांगा, असं लॅबच्या काउंटरवर विचारलं. काय लिहायचं ते आम्ही सांगायचं! बाबांनी तिथल्या तिथे डिक्टेट केलं, 'उत्तम शारीरिक व मानसिक क्षमता, कोणतीही जबाबदारी पेलण्यास समर्थ'. शिक्का बसला. सही कुणाची ते वाचता येत नाही. मी बाबांना म्हटलं अहो हे तर तुमच्या ट्रम्पसारखंच झालं, २०१५ च्या डिसेंबरमध्ये त्यांच्या डॉक्टरने, बॉर्नस्टीनने, पत्र दिलं होतं की आजवर निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षांत हे सगळ्यात निरोगी ठरतील, आणि २०१८ ला तोच डॉक्टर सांगून मोकळा झाला की पत्र ट्रम्पनीच सांगितलं, मी लिहून घेतलं. बाबा म्हणाले तरीच भाषा चांगली होती.

बाबांचं आणखी एक म्हणणं होतं की हे मागतंय कोण? अमेरिकेत उमेदवाराने तब्येत दाखवायलाच पाहिजे असा कायदा नाही, जो तो वाटेल तेवढं दाखवतो. आपल्याकडे आमदारकी-खासदारकीच्या प्रतिज्ञापत्रात संपत्ती येते, गुन्हे येतात, शिक्षण येतं, तब्येतीचा रकानाच नाही. तिकडे राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या राहिलेल्या निक्की हेली २०२३ ला म्हणाल्या होत्या की पंचाहत्तरीपुढच्या नेत्यांची मानसिक क्षमतेची टेस्ट घ्या, तेव्हा बाबांनी टीव्ही बंद केला होता. आणि त्याच वर्षी इथे पवारसाहेबांचं वय पुतण्यानेच भर सभेत काढलं, तर साहेबांनी वाजपेयींचं वाक्य काढलं, ना टायर्ड ना रिटायर्ड. वाजपेयींचे तर दोन्ही गुडघे पंतप्रधान असताना बदलले, ब्रीच कँडीत, डॉ. राणावतांनी, रोज पेपरात फोटोसकट. आईने स्वतःचा गुडघा करताना तीच बातमी मनात धरली होती.

तर मी काय केलं. मी ग्रुपवर ते शिक्क्याचं सर्टिफिकेट टाकलं आणि सोबत कोलेस्टेरॉल-किडनी-लिव्हरचं पान, कारण ते सगळं हिरवं. मोकाचं पान नाही टाकलं. पीएसएचं नाही टाकलं. कुणी खोटं सांगितलं का? नाही. आईला म्हटलं २४ चं कुणाकडे बोलू नकोस, तिच्या भिशीत तर अजिबात नको. आई म्हणाली मी कशाला बोलतेय, मी तर त्यांना आल्या-गेल्याचे फोन पण देत नाहीये चार दिवस, ते झोपलेत सांगते. मला एकदम एडिथ विल्सन आठवली. बाबांनीच लहानपणी सांगितलेली गोष्ट, १९१९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना पक्षाघात झाला आणि पुढचं जवळजवळ दीड वर्ष, टर्म संपेपर्यंत, कुठला कागद त्यांच्यापर्यंत जायचा आणि कुठला नाही ते बायको ठरवायची, मंत्रिमंडळाला धड पत्ता नाही. रुझवेल्टचं पण तेच, मार्च १९४४ ला तरुण हार्टवाल्या डॉक्टरने तपासलं तर हार्ट फेल व्हायला लागलेलं, बीपी भयंकर, आणि मोठे डॉक्टर बाहेर सांगतायत तब्येत छान आहे, माणूस नोव्हेंबरला चौथ्यांदा निवडून आला आणि एप्रिलमध्ये गेला. ते वाचताना मी नेहमी म्हणायचे कसली ही माणसं, देशाशी खेळतायत. आमचा तर विषय पाण्याचे टँकर आणि लिफ्टची एएमसी. तरी मी तेच केलं, आणि दहा मिनिटांत केलं, मला कुणी शिकवावं लागलं नाही.

पुढे फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एका म्हाताऱ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. फी लॅबच्या अ‍ॅड-ऑनपेक्षा कमी! त्यांनी आधी पंचवीस मिनिटं नुसत्या गप्पा मारल्या, औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली, झोपेची एक गोळी बंद केली, ती कुणी कधी सुरू केली ते आम्हाला पण आठवेना. मग दार बंद, पंखा बंद, कानात मशीन, आणि मोकाचाच दुसरा संच, म्हणजे शब्द वेगळे, पाठ झालेले चालू नयेत म्हणून. २७. म्हणाले याने आनंदाने नाचू नका आणि त्या २४ ने रडू पण नका, ही चाळणी आहे, निदान नाही, वर्षाने परत या. आणि बाबांना म्हणाले तुमचा प्रश्न विसरण्याचा नाही, न ऐकण्याचा आहे, मीटिंगमध्ये मशीन घालता का?

घालत नाहीत. हे आम्हाला सगळ्यांना माहितीय आणि कुठल्याच पीडीएफमध्ये नाही. गेल्या एजीएमला पार्किंगचा प्रश्न विचारला तर बाबांनी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर सात मिनिटं उत्तर दिलं, आणि लोकांना वाटलं टाळतायत. बी विंगवाल्यांनी खरं तर हा मुद्दा काढायला पाहिजे होता.

मी ग्रुपवर काय टाकलं आणि काय नाही ते बाबांनी गेल्या सोमवारी बघितलं. काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर चष्मा लावून बसले आणि अख्खी पीडीएफ टाकली ग्रुपवर, २८ च्या २८ पानं, धावणाऱ्या जोडप्यासकट, २४ सकट, स्टूल रिपोर्टसकट. खाली लिहिलं 'मीटिंगला यापुढे कानाचे मशीन घालून येईन. कळावे.' अर्धा तास ग्रुपवर शांतता. मग ए विंगच्या काकूंनी विचारलं व्हिटॅमिन डीचं पाकीट कुठल्या कंपनीचं घेता.

लॅबला मी मोठा ईमेल लिहिला, खोली, आवाज, मास्क, सर्टिफिकेट, सगळं. मॅनेजरचा फोन आला, १,२०० परत केले, खोली बदलू म्हणाले, सर्टिफिकेटच्या मुद्द्यावर 'नोट केलंय मॅडम'. तर माझं मत असं की रक्तासाठी खुशाल घ्या, पीएसए आधी तुमच्या डॉक्टरांना विचारून, नको असेल तर बुकिंगलाच काढायला सांगा, काढतात. मेमरीचं अ‍ॅड-ऑन घेऊ नका. वेळ सातची मागा म्हणजे आठला तरी येतील. पार्किंग नाही, रिक्षाने जा.

मतदान रविवारी आहे. बी विंगवाल्यांनी परवा मला लिफ्टमध्ये लॅबचा नंबर विचारला, त्यांनी पण करून घेतलं पॅकेज. काल ग्रुपवर रिपोर्ट टाकलाय. पहिलं पान.